हसतमुख राहण्याचं कंत्राट

ताई,
मी चौतीस वर्षांची. गेल्या सप्टेंबरात मला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, निघाला. केमो झाली आणि फेब्रुवारीत इथे पुण्यातच बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. धाकट्या भावाच्या पेशी पूर्ण जुळल्या. आता साडेपाच महिने झालेत. रिपोर्ट चांगले आहेत, रक्तातल्या पेशी शंभर टक्के भावाच्या आहेत असं डॉक्टर म्हणतात. मधे अंगावर पुरळ आलं म्हणून स्टिरॉइड चालू केलंय. सगळं बरं चाललंय, आणि मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडते. भेटेल तो सांगतो, ‘पॉझिटिव्ह राहा, अर्धी लढाई मनाचीच असते.’ सासूबाई मायेनेच म्हणतात, ‘वाईट मनात आणू नकोस, वास्तू तथास्तु म्हणत असते.’ आता मला भीती वाटायला लागलीय की माझ्या रडण्यानेच आजार परत येईल. मुलगी सहा वर्षांची आहे. ती विचारते, आई, तू चिडकी का झालीस? भावाशी तर उपकाराच्या ओझ्याने धड बोलताही येत नाही. त्यात आता गणपती येतायत, घर पाहुण्यांनी भरेल. पॉझिटिव्ह कसं राहायचं ते तेवढं सांगा.
— एक मैत्रीण, कर्वेनगर

तुला सरळ ‘अगं’ म्हणतेय, चालवून घे. तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस. शिवाय आपण एकाच शाळेतल्या. मला २०१३ च्या दिवाळीत हाच आजार निघाला आणि २०१४ च्या मार्चमध्ये माझं ट्रान्सप्लांट झालं, थोरल्या बहिणीच्या पेशींवर. या सदरात मी ते फारसं काढत नाही. काढलं की पुढचे पंधरा दिवस गुळवेलीच्या काढ्याच्या कृती येत राहतात.

आधी तुझ्या भीतीचं उत्तर देते. रडल्यामुळे ल्युकेमिया परत येत नाही. चिडल्यामुळे येत नाही. रात्री तीन वाजता ‘मी नसले तर पोरीच्या वेण्या कोण घालेल’ असं मनात आलं म्हणूनही येत नाही. आजार उलटलाच तर तो केमोच्या माऱ्यातून वाचून कुठेतरी दडून बसलेल्या पेशींमुळे उलटतो, ज्या भावाकडून आलेल्या नव्या प्रतिकारशक्तीच्याही हाती लागल्या नाहीत. त्या पेशींना कान नसतात. बाथरूमचा नळ चालू आहे की बंद, हे त्यांना कळत नाही.

आणि हे कुणीतरी तपासूनही पाहिलंय. जेम्स कॉइन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डोकं आणि मानेच्या कॅन्सरचे १,०९३ रुग्ण होते. मनाने उभारी धरलेले जास्त जगले आणि खचलेले लवकर गेले, असं त्यात काही निघालं नाही. तो कॅन्सर आपल्यापेक्षा वेगळा, हे कबूल. पण ‘मनाने कॅन्सर हरतो’ असं छातीठोक सांगणाऱ्या एकाही काकांनी मला आजवर एवढे रुग्ण मोजून दाखवलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या. कॅन्सर झालेल्यांच्या मनाचं काय होतं, यावरच त्यांनी सगळी हयात घालवली. रुग्णाला सतत पॉझिटिव्ह राहायला लावणं हा जुलूम आहे, असा शब्द त्यांनी त्यासाठी वापरला. जुलूम. मी तो वाचला तेव्हा मला कुणीतरी खांद्यावरची पिशवी काढून घेतल्यासारखं झालं होतं.

मन खचलं की गोळी चुकते, जेवण टळतं, फिरणं बंद पडतं, आणि त्याने मात्र फरक पडतो. म्हणून मनाकडे बघायचंच. पण ते सुखाने राहावं म्हणून. पांढऱ्या पेशींची राखण करायला त्याला बसवू नकोस.

राहता राहिली वास्तू. सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना दुसरं काही करता येत नाही म्हणून त्या हे करतायत. पण तुझ्यामाझ्यात सांगते, वास्तू ऐकेल त्याला तथास्तु म्हणत असती तर आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा मालक पन्नाशीही गाठता ना. बारा बिऱ्हाडं रोज सकाळी नळावर त्याच्या नावाने बोटं मोडायची. ब्याण्णवाव्या वर्षी झोपेत गेला.

तुला ती खोली आठवतच असेल. दोन दारांची. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. छताच्या जाळीतून गाळलेली हवा रात्रंदिवस येत राहायची, आणि खोलीतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेला, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा बाहेर पडेल, बाहेरचे जंतू आत शिरणार नाहीत. माझ्या दारावर पाटी होती, ‘पॉझिटिव्ह प्रेशर रूम’. पहिले चार दिवस मला वाटत होतं की ही सूचना पेशंटसाठी आहे. चांगलंच प्रेशर आलं होतं मला. पाचव्या दिवशी सिस्टरला विचारलं तेव्हा ती मास्कच्या आत इतकी हसली की सलाइनची बाटली लावायची विसरली. मग मी ठरवून टाकलं, की इथे पॉझिटिव्ह असण्याचं काम हवेकडे दिलेलं आहे, त्यासाठी वरती मोठं मशिन बसवलंय. मी आपली पडून राहते.

आणि पडूनच होते. डे झीरोला, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या दिवशी, बहिणीच्या पेशींची पिशवी आली, टोमॅटोच्या साराच्या रंगाची, आणि पाऊण तासात रक्ताच्या बाटलीसारखी चढून संपलीही. मला वाटलं होतं काहीतरी होईल, निदान शहारा येईल. नंतर घशात फोड आले. थुंकीसुद्धा गिळता येईना, टिश्यू पेपरमध्ये टिपत बसायचे. रोज सकाळी दारातून एकच प्रश्न, ‘काउंट आले का?’ म्हणजे नव्या पेशी रक्तात दिसायला लागल्या का. नवव्या दिवशी आमचे भावजी काचेपलीकडे उभे राहून अंगठा वर करत होते आणि स्माइल, स्माइल अशी खूण करत होते. मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. सतराव्या दिवशी काउंट आले. भिंतीकडे तोंड केल्याचा त्यांना राग आला असावा असं काही दिसलं नाही.

आता तुझ्या रडण्याबद्दल. त्यातलं सगळंच तुझं नाही. तू स्टिरॉइडवर आहेस. स्टिरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी उगाच चेव येतो तर कधी उगाच डोळे भरतात. मी रात्री दोन वाजता ओटा घासत होते, आणि सकाळी दुधावर साय कमी आली म्हणून रडले. मुलगी विचारते ना, आई चिडकी का झाली? तिला खरं तेच सांग, की अंगावरच्या पुरळाची जी गोळी आहे ना, ती आईला चिडकं करते, डोस कमी होईल तसं कमी होईल. सहा वर्षांच्या पोराला हे उत्तम समजतं. आपल्यामुळे आई चिडते असं तिला वाटत राहिलं तर ते वाईट. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. ती टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. झोप अगदीच येत नसेल तर दिवसाचा डोस सकाळी घेता येईल का, एवढं डॉक्टरांना विचार.

पॉझिटिव्ह कसं राहायचं याऐवजी मी तुला दिवस कसा घालवायचा ते सांगते, कारण मला तेवढंच येतं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय होतं. त्याच्या रोजच्या चौकटीत मी दोनच गोष्टी लिहायचे, ताप किती आणि पायऱ्या किती. आज कसं वाटलं, हे लिहायचं नाही. वाटणं सकाळी एक असतं, दुपारी दुसरं.

तापाचं आधी. शंभर पॉइंट चार, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा आकडा फ्रिजवर लिहून ठेव. तेवढा ताप दिसला की रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही, ट्रान्सप्लांट युनिटला फोन करायचा. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत वाट बघणे हा आपल्या घरांमधला जुना रिवाज आहे आणि आपल्यासारख्यांना तो परवडत नाही. क्रोसिनने आकडा उतरतो, आतलं इन्फेक्शन वाढतच राहतं. मला चौथ्या महिन्यात एका शनिवारी रात्री अकराला १००.६ भरला. नवरा म्हणाला, सकाळी बघू, आत्ता कुठे जायचं पावसात. मला स्वतःलाही उठायचं नव्हतं. फोनवरची सिस्टर इतकी ओरडली की दहा मिनिटांत आम्ही रिक्षात होतो. रक्तात जंतू होते. वेळेवर अँटिबायोटिक लागलं म्हणून आठ दिवसांत घरी आले. त्या रात्री माझ्या मनात एकही पॉझिटिव्ह विचार नव्हता, रिक्षात मी नवऱ्याशी भांडत होते.

आणि पायऱ्या. स्टिरॉइडने मांड्यांचे स्नायू जातात. पाटावर बसले की मला दोघांनी धरून उठवावं लागायचं. मी पर्वतीच्या पायथ्याशी राहायचे, म्हणून फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं घरचं चालणं जमायला लागल्यावर पहाटे, गर्दी व्हायच्या आत, मास्क लावून पर्वतीला जायला लागले. १०३ पायऱ्या आहेत, रुंद आणि उतरत्या. पहिल्या दिवशी सात झाल्या. त्या महिनाअखेर एकोणीस. मधे सर्दी झाली तेव्हा पुन्हा चार. वर देवदेवेश्वराला पोचायला मला पुढची दिवाळी उजाडली. तुझ्या बिल्डिंगचा जिना पुरेल, मात्र हिमोग्लोबिन कमी असेल किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आपल्याकडे सध्या रस्तोरस्ती खोदकाम आणि बांधकाम चाललंय, ती धूळ टाळायची. मातीतली, धुळीतली बुरशी तुझ्या फुप्फुसाला आत्ता झेपणार नाही. त्याच कारणासाठी कुंड्यांची माती उकरणं आणि कबुतरांची घाण काढणं ही दोन्ही कामं वर्षभर नवऱ्याकडे. तुळशीला पाणीही त्यालाच घालू दे.

आता काढा. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण तुझ्या घरात गुळवेल, गव्हांकुराचा रस किंवा नोनीची बाटली यांपैकी एक तरी नक्की आलेलं आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ म्हणून. गंमत बघ, टॅक्रोलिमस म्हण की सायक्लोस्पोरिन, तुझ्या डॉक्टरांनी जी गोळी चालू ठेवलीय ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठीच आहे. भावाच्या पेशी नव्या घरात आल्यात, त्यांना तुझी त्वचा, आतडी, लिव्हर हे सगळं परकं वाटतं. मोकळं सोडलं तर त्या त्याच्यावरच हात टाकतात. तुझं पुरळ त्यातलंच, त्यालाच जीव्हीएचडी म्हणतात. अशा वेळी त्यांना काढा पाजून जोर आणायचा म्हणजे भांडणाऱ्या माणसाच्या हातात काठी द्यायची. वर गुळवेलीमुळे लिव्हरला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. स्वयंपाकातली हळद, आलं, जिरं खुशाल खा. बाटलीतलं आणि पुडीतलं काही नको. आणणाऱ्याला तोंडावर नाही म्हणवत नसेल तर ‘डॉक्टरांना विचारून घेते’ म्हण आणि बाटली मागच्या रांगेत ठेव. माझ्याकडे तशा अकरा झाल्या होत्या.

त्या गोळीचंच अजून एक. ज्या दिवशी तिची रक्तातली पातळी तपासायची असते त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जायचं नसतं, रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. डबीत घालून बरोबर ने. मी दोनदा घरून घेऊन गेले आणि दोनदा हेलपाटा झाला.

भावाचं वाचून मी बराच वेळ थांबले. उपकार हा शब्द तू वापरलास. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. ती तुमच्या दोघांपैकी कुणाच्याही कर्तबगारीने आलेली नाही. त्याने चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली, त्याची हाडं ठणकली, चार-पाच तास मशिनला हात लावून बसला, आणि काही आठवड्यांत त्याच्या पेशी पुन्हा भरून निघाल्या. हे लहान करून सांगत नाहीये मी. पण तो काय विचार करतोय ते तुला माहीत आहे का? माझी बहीण आठ महिने माझ्याकडे येणं टाळायची. मला वाटायचं, आपण ऋणात आहोत म्हणून तिला अवघडतंय. एक दिवस पोहे करता करता तिने पाठमोरीच विचारलं, ‘तुझ्या तोंडात एवढी आग होते, ती माझ्याच पेशींमुळे ना?’ तिला आठ महिने वाटत होतं की तिने मला आजार दिला. मी म्हटलं, अगं, थोडा जीव्हीएचडी म्हणजे तुझ्या पेशी जाग्या आहेत, उरलेसुरले ल्युकेमियावालेही त्याच टिपतात, डॉक्टरही सौम्य असेल तर फार वाईट मानत नाहीत. त्यावर ती रडली, मी रडले, पोहे करपले. तुझ्या भावाच्याही मनात असं काही असेल. विचारून बघ. ‘थँक्यू’ म्हणायची गरज नाही, त्याला तुझ्या पुरळाबद्दल विचारू दे.

आणि थोडी थट्टाही चालू कर. रक्तात भावाच्याच पेशी आहेत म्हणजे तुझ्या रक्ताची तपासणी केली तर गुणसूत्रं एक्स-वाय निघणार, पुरुषाची. भाऊबीजेला ओवाळायचं कुणी कुणाला, हा प्रश्न घरात टाकून दे. त्याचा रक्तगट तुझ्यापेक्षा वेगळा असेल तर तुझाही त्याचाच होतो, म्हणून लायसन्सवरचा जुना रक्तगट बदलून घे आणि पर्समध्ये एक चिठ्ठी ठेव, की ट्रान्सप्लांट झालेलं आहे, रक्त द्यायची वेळ आली तर आधी युनिटला फोन करा, इरॅडिएट केलेलंच, म्हणजे किरण दिलेलंच, रक्त लागतं. माझ्या बहिणीचा रक्तगट ए पॉझिटिव्ह. मी जन्मजात बी निगेटिव्ह होते. तेव्हा पॉझिटिव्ह व्हायचं म्हणतात ते माझ्या बाबतीत बहिणीने परस्पर करून टाकलंय.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण चौतिसाव्या वर्षी ट्रान्सप्लांट झालेल्या बाईला ती असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून लिहिते. ट्रान्सप्लांटच्या आधीच्या केमोने पाळी बंद होते, अनेकदा कायमची. मग अंगातून वाफा, रात्री घाम, अकारण रडू, आणि नवऱ्याजवळ जाताना कोरडेपणा, दुखणं. जीव्हीएचडीसुद्धा त्या जागी होऊ शकतो, आणि आपण होऊन कुणी विचारत नाही, कारण ओपीडीत मागे तीन खुर्च्यांवर नातेवाईक बसलेले असतात. तू विचार. चिठ्ठीवर लिहून दिलंस तरी चालेल. यावर औषधं आहेत, हार्मोन्स देता येतात का ते स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तुझे डॉक्टर मिळून ठरवतात, आणि हाडांची तपासणीही त्यातच होते. मी दोन वर्षं गप्प बसले. त्या दोन वर्षांबद्दल मला आजही राग आहे, स्वतःचाच.

आता गणपती. म्हात्रे पुलाकडून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज तुझ्याकडे येतच असेल. मानाचे पाचही यंदा टीव्हीवर बघ. घरचा गणपती बसू दे, फक्त माणसं थोडी आणि टप्प्याने येऊ देत, दार-खिडक्या उघड्या, तुला चांगला एन-९५ मास्क, आणि शिंकणाऱ्याने खालूनच नमस्कार करायचा. हे तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगायला लाव. पेशंट वाईट दिसतो, नवरा नाही. फुलं, दूर्वा, निर्माल्य यांना हात नको. उकडीचे मोदक गरम गरम, वाफेवरून उतरलेले, तूप घालून खा. पंचामृत मात्र नाही. कच्चं दूध, विरजणाचं दही आणि मध एका वाटीत, आणि ती वाटी सकाळपासून उघडी. त्यात शेवटी सगळ्यांची बोटं बुडलेली. प्रसाद नाकारला म्हणून सासूबाईंना लागेल, तर हातावर घेऊन डोळ्यांना लाव आणि मुलीला दे. मोड आलेली कच्ची मटकी, चिरून ठेवलेली फळं, बाहेरची चटणी, उसाचा रस हेही इतक्यात नको. मिसळ घरी, उसळ खळखळून उकळलेली असेल तर काही हरकत नाही, तोंडाची आग होत नसेल तर.

मुलीला जवळ घे. हात धुतलेले असले, सर्दी-खोकला नसला की तिला मिठी मारायला कसलीच आडकाठी नाही. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायची. शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी युनिटला फोन. तुझ्या स्वतःच्या लहानपणीच्या लसी आता पुसल्यात जमा आहेत, त्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतील. कधी सुरू करायच्या ते डॉक्टर सांगतील, आणि गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतर, तेही सगळं ठीक असेल तर. मी पंचेचाळिसाव्या वर्षी बालरोगतज्ज्ञांकडे तान्ह्या पोरांच्या रांगेत बसून ट्रिपलचं इंजेक्शन घेतलं. त्यांनी मला कार्ड दिलं, त्यावर हत्तीचं चित्र होतं. मुलीला बरोबर ने, तिला फार मजा येईल.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, मीही आत्ता काढत नाही. वर्षाच्या आत कुणी घाई करत असेल तर माझं नाव सांग.

रिपोर्टच्या आदल्या रात्रीची भीती जाणार नाही. आजार उलटायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, हे तुलाही माहीत आहे, नाहीतर तू मला पत्र लिहिलं नसतंस. मी तिला वेळ नेमून दिली होती. संध्याकाळी साडेपाच ते सहा, चहाचा कप घेऊन गॅलरीत, वहीत सगळं वाईटसाईट लिहायचं, अगदी तेराव्याच्या जेवणात काय करायचं इथपर्यंत. दिवसभरात भीती आली की म्हणायचं, बाई, साडेपाचला ये. कधी यायची, कधी साडेपाचला मला दुसरंच काहीतरी सुचायचं. त्या वहीत शेजारच्या खोलीतल्या बार्शीच्या पोराचं नाव वीस ठिकाणी आहे. तो एकवीस वर्षांचा होता आणि माझ्यापेक्षा दसपट उत्साही. सिस्टर लोकांना जोक सांगायचा. तो गेला आणि मी, भिंतीकडे तोंड करून पडणारी, राहिले. म्हणून ‘मनाच्या जोरावर वाचलात हो’ असं कुणी म्हटलं की मला ते त्याच्याविषयी बोलल्यासारखं वाटतं, आणि मी उठून जाते.

एवढं मात्र नीट बघ. दोन आठवडे दिवसातला बहुतेक वेळ उदासच जातोय, मुलगी समोर असूनही तिच्यात जीव रमत नाही, जेवण-झोप गेली आहे किंवा मरून जावं असं मनात येतंय, असं असेल तर माझी वही पुरणार नाही. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यांना तुझ्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखव, कारण मनाच्या काही औषधांचा या गोळ्यांशी झगडा होतो. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलतात. मी साडेतीन महिने मनाची गोळी घेतली. काढ्यापेक्षा स्वस्त पडली.

‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, असं विचारशील तर, मी म्हणायचे, ‘हो, आणि तुम्ही जाताना चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या का ते बघा.’ पुण्यात एवढं चालतं. ज्यांना खरंच मदत करायची असते त्यांना काम सांग. दर बुधवारी मुलीला शाळेतून आणायचं, किंवा रिपोर्ट आणायला जायचं. मग ते सुविचार पाठवत नाहीत, त्यांना वेळच उरत नाही.

आणि बाथरूममध्ये रडतेस तेव्हा नळ बंद ठेव. खडकवासल्याचं पाणी आहे, आणि घरात ऐकू गेलं तर जाऊ दे. एखाद दिवशी सासूबाई दारावर टकटक करतील. उघड.

तुझी,
ताई

ता. क. : सासूबाईंना पपनसाबद्दल सांगायचं राहिलं. गणपतीत बाजारात येतात आणि सोलून पुढ्यात ठेवतात. पपनस आणि त्याचं भावंड ग्रेपफ्रूट यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एकदम चढू शकते. संत्रं-मोसंबी सोलून खायला हरकत आहे का ते युनिटला विचारून घे, पपनस या वर्षी शेजारी पाठवून दे.